अख्खं शिणाणं वाटून जीन एक्सप्रेशन काढायचं? माझा साफ विरोध

कल्लेवाली
काल संशोधनातल्या उधळपट्टीवरच्या पोस्टमध्ये खाडीकाठ यांनी लिहिलं की शिणाण्याच्या (खडकाला चिकटणारा शिंपला) कल्ल्याचा आरएनए (चालू असलेल्या जीनची नक्कल) वेगळा, पायाचा वेगळा, मँटलचा (कवचाच्या आतल्या पातळ पडद्याचा) वेगळा काढणं म्हणजे एकाच प्राण्याची पाच बिलं लावणं. डीएनए सगळीकडे एकच, तेव्हा अख्खं मांस वाटा, एक सॅम्पल करा आणि मोकळे व्हा. त्याला चाळीस लोकांनी लाइक पण केलंय. मी नऊ वर्षं हेच काम करतेय, त्यातली चार स्पेनमधल्या गॅलिसियात, जिथे खाडीत लाकडी तराफ्यांखाली दोर सोडून शिणाणी वाढवतात, आणि मला हे वाचून खरंच राग आला म्हणून सविस्तर लिहिते.

डीएनए एकच आहे, मान्य. पण मग पाय हा पाय का आणि कल्ला हा कल्ला का? कुठला जीन कुठे चालू आहे त्यावरूनच ना. ज्या धाग्यांनी शिणाणं खडकाला चिकटतं त्यांची प्रोटीनं पायातल्या ग्रंथींत बनतात, ते जीन पायात धो धो चालू असतात आणि कल्ल्यात जवळजवळ गप्प. जंतूंशी लढणारी मायटिसिन, मायटिलिन ही मुख्यतः रक्तपेशींची कामं. पचनग्रंथीत पाचक एन्झाइमं आणि जड धातूंना धरून ठेवणारी मेटॅलोथायोनीन. पाय असतो केवढा, जिभेच्या टोकाएवढा. तो सगळ्या मांसात वाटला की त्याचा आवाज ऐकूच येत नाही. आणि उन्हाच्या ताणाने एखादा जीन कल्ल्यात वाढला आणि पचनग्रंथीत तितकाच उतरला तर तुमच्या वाटणात काय दिसणार? काही झालंच नाही असं दिसणार. आणि तसा पेपर पण छापून येणार.

खाडीकाठ
मॅडम, राग समजला, पण माझं म्हणणं अर्धंच घेतलंत. मी मॉनिटरिंगबद्दल बोलत होतो. अमेरिकेत १९८६ पासून मसल वॉच (किनाऱ्यावरच्या प्रदूषणाची पाहणी) चालू आहे, किनारपट्टीवरची शिणाणी आणि कालवं गोळा करतात आणि अख्ख्या मांसाचं सॅम्पल लावतात, त्यावर धोरणं ठरतात. ते सगळे मूर्ख आहेत का?

दुसरं, तुम्ही गॅलिसियातून बोलताय. मी एमएस्सीला होतो तेव्हा आमच्याकडे सॅम्पल गोठवायचा लिक्विड नायट्रोजन आठवड्यातून एकदा यायचा, तोही कधी यायचा कधी नाही. ओहोटीला पहाटे खडकावर उतरायचं, शिणाणी खरवडून काढायची, मग जेटीवर बसून कापाकापी. एकेका प्राण्याचे पाच तुकडे करेपर्यंत बारावा प्राणी तासभर बादलीत तडफडत असतो. त्याचं एक्सप्रेशन मी कापल्यामुळे बदललं की पाण्यामुळे, सांगा आता. अख्खा प्राणी निदान लगेच गोठवता तरी येतो. बारा प्राणी गुणिले पाच टिशू म्हणजे साठ लायब्रऱ्या (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेली आरएनएची सॅम्पलं), पैसे कोण देणार? ज्यांच्याकडे आहेत त्यांनी करावं, बाकीच्यांना नालायक ठरवू नये.

कल्लेवाली
मूर्ख कुणी म्हटलं? मसल वॉच कॅडमियम, कीटकनाशकं असली रसायनं मोजतं. कॅडमियम कुठल्याही टिशूत असो, बेरीज ही बेरीजच राहते. आरएनए ही बेरजेची गोष्ट नाही. दोन वेगळ्या मोजमापांना एकाच तराजूत घालू नका.

बादलीचा मुद्दा मात्र बरोबर आहे, तो मी नाकारत नाही. पण त्याला उपाय आहे, पाच टिशू नका घेऊ, तुमच्या प्रश्नाला लागेल तो एकच घ्या. उन्हाचा प्रश्न असेल तर कल्ला, एका कात्रीत निघतो.

तिसरा_रिव्ह्यू
टिशूवरून भांडताय पण मुळात आरएनए चांगला आहे हे रिव्ह्यूअरला पटवणार कसं ते आधी बोला. माझा पेपर आठ महिने अडकला होता कारण एका रिव्ह्यूअरने लिहिलं की तुमचा आरएनए सडलाय, ग्राफवर २८एसचा (रायबोसोमच्या मोठ्या आरएनएचा) पीकच नाही, आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे त्याचा दहापैकी आकडा) सातच्या वर दाखवा, आणि मी तीन वेळा नवीन प्राणी आणून एक्स्ट्रॅक्शन केलं, तीनदा तेच, गाईड म्हणाले तुझा हात खराब आहे, आणि शेवटी कळलं की बऱ्याच मृदुकाय प्राण्यांत २८एस मध्येच आतून तुटलेला असतो, तापवला की त्याचे दोन तुकडे १८एसच्या (रायबोसोमच्या लहान आरएनएच्या) जागीच येऊन बसतात, म्हणजे एकच पीक दिसणं हेच तिथे नॉर्मल आहे!! आठ महिने! हे कुठल्याच प्रॅक्टिकलच्या वहीत लिहिलेलं नाही. उंदरासाठी बनवलेला आकडा शिंपल्याला लावणाऱ्यांवर एक वेगळा धागा काढा, मी पहिला येतो.

देवबागची_सून
मला लॅबमधलं कळत नाही पण एक विचारते. ही पचनग्रंथी म्हणजे आतली ती काळपट हिरवी पिशवी का? आमच्याकडे सासूबाई उकडल्यावर ती बोटाने काढून टाकतात आणि केसांसारखे धागे ओढून काढतात, मगच सुक्याला घेतात. माहेरी तसंच अख्खं घालायचे. बरोबर कोण?

कल्लेवाली
हो ताई, तीच. सासूबाई बरोबर. शिणाणं पाणी गाळून खातं, गाळलेलं सगळं आधी तिथे जातं.

कट्टर_मांदेली
झालं, आता जेवणात पण शास्त्र. तीन पिढ्या आम्ही अख्खं खातोय, कुणाला काही झालं नाही. सगळा रस त्या काळ्या भागातच असतो. तो काढून टाकायचा तर रबर खा. तुम्ही शिकलेले लोक आधी घाबरवता आणि मग स्वतः परदेशात जाऊन वाइनमध्ये शिजवलेली अख्खी खाता.

कल्लेवाली
खाते, कारण तिथे विषाची तपासणी झाल्याशिवाय माल बाजारात येत नाही, पट्टाच्या पट्टा बंद करतात. १९८७ ला कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंडची शिणाणी खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, तीन दगावले, काहींची स्मरणशक्ती परत आलीच नाही. एका सूक्ष्म शेवाळाचं डोमोइक आम्ल होतं ते, आणि ते मुख्यतः याच ग्रंथीत साठतं. उकडून जात नाही. तीन पिढ्यांना काही झालं नाही याचा अर्थ तीन पिढ्या पाणी चांगलं होतं एवढाच.

कट्टर_मांदेली
म्हणजे आमची आजी नशिबाने जगली असं म्हणायचंय का तुम्हाला? ९१ वर्षांची होऊन गेली. जरा जपून बोला.

देवबागची_सून
दादा, आजीवर कोणी बोललं नाही हो. माझे सासरे धक्क्याजवळची शिणाणी खाऊन दोन दिवस हॉस्पिटलात होते, तेव्हापासून सासूबाईंनी हे सुरू केलं. तिथे बोटींचं डिझेल, गटाराचं पाणी, सगळं. आता लांबच्या खडकावरचीच आणतो.

कट्टर_मांदेली
धक्क्याजवळची आम्ही पण खात नाही, ते वेगळं. खडकावरची असतील तर अख्खीच. बरं, लहान पोरांना देताना काढू, एवढं पुरे.

खाडीकाठ
शास्त्राचा धागा होता, सुकं झालं. असो.

भरती_ओहोटी
परत मुद्द्यावर येतो. दोघांनाही विरोध आहे माझा. कल्लेवाली, तुम्ही "कल्ला" म्हणून जे गोठवता ते फक्त कल्ला नसतं. शिणाण्याचं रक्ताभिसरण उघडं, रक्तपेशी सगळ्या टिशूत हिंडतात, त्यामुळे तुमच्या कल्ल्यात दिसणारं मायटिसिन कल्ल्याचं की रक्तपेशींचं? मँटलचं त्याहून वाईट. हंगामात गोनॅड (अंडी-शुक्राणू बनवणारा अवयव) मँटलमध्ये पसरतं, आपल्या हिरव्या शिणाण्यात तर डोळ्यांनी दिसतं, मादी नारिंगी, नर पांढुरका. जानेवारीचा मँटल आणि जूनचा मँटल हे एकच टिशू समजून तुलना करणारे पेपर मी पाहिलेत.

त्याच्यापुढचं ऐका. ब्रिटिश कोलंबियातल्या शिणाण्यांत २०१६ मध्ये एक कॅन्सर सापडला जो एका प्राण्यातून दुसऱ्यात जातो, पेशीच जातात. २०१९ मध्ये कळलं की त्याच जातीतून निघालेला कॅन्सर युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या दुसऱ्या जातींत पण आहे. म्हणजे आजारी शिणाण्याचं रक्त घेतलंत तर तो आरएनए बराचसा त्या प्राण्याचा नाहीच, भलत्याच प्राण्याचा आहे. आधी सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघितलं का, हे किती जण लिहितात?

आणि खाडीकाठ, पाच-सहा प्राणी एकत्र वाटून पूल करणं तर सोडूनच द्या. २०२० मध्ये भूमध्य समुद्रातल्या शिणाण्याचा पॅनजीनोम (अनेक प्राण्यांच्या सगळ्या जीनची मिळून यादी) आला, सुमारे ४५,००० जीन सगळ्यांत आणि वर साधारण २०,००० असे की कुणात आहेत, कुणात नाहीतच. पूलमध्ये जीन "कमी" दिसला तर तो बंद होता की अर्ध्या प्राण्यांत नव्हताच, कसं ओळखणार?

कल्लेवाली
रक्तपेशींचं पटलं. आम्ही हिमोलिम्फ (त्यांचं रक्त) वेगळं काढून त्याच प्राण्याच्या कल्ल्याशी ताडून बघतो, पण सगळ्या सॅम्पलचं करत नाही, हे खरंय. कॅन्सरसाठी आम्ही कधी स्लाइड बघितली नाही. सोमवारी साठवलेली सॅम्पलं काढून बघते. तरी हा मुद्दा टिशू वेगळे करण्याच्या बाजूचाच झाला.

खाडीकाठ
२०,००० वालं मला माहीत नव्हतं. ठीक आहे, पूल करू नये, प्राणी वेगळे ठेवावेत, एवढं मान्य. पण अख्खा प्राणी वाटू नये हे अजून मान्य नाही. डिंभक (अंड्यातून निघालेलं पिल्लू) डोळ्यांनाही धड दिसत नाही, त्याचा कल्ला कुठून कापू? तिथे तर अख्खाच वाटणार ना?

कल्लेवाली
डिंभकाला वाटा. चार इंचाच्या शिणाण्याला नको.

खाडीकाठ
चार इंचाच्याला कल्ला घेईन. एकच. बाकीच्या चार टिशूंचे पैसे तुम्ही पाठवा.

तिसरा_रिव्ह्यू
आणि आरआयएन विचारला तर काय लिहायचं ते पण ठरवा. माझा दुसरा पेपर परवाच गेलाय.