गणपतीला येण्याआधी ब्रिजिंग व्हिसा बी घ्या
गुहागरच्या काकांनी विचारलंय: मेलबर्नमधल्या मुलाचा स्टुडंट व्हिसा ऑगस्टअखेर संपतोय, नवा अर्ज तिथूनच भरलाय, तो गणपतीला येऊन परत जाऊ शकेल का?

जुना व्हिसा चालू असताना अर्ज भरला असेल तर ब्रिजिंग व्हिसा ए (नव्या अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता व्हिसा) मिळतो आणि जुना संपला की लागू होतो. त्यावर तिथे राहता येतं. पण देश सोडला की तो संपतो, परत शिरता येत नाही. म्हणून निघण्याआधी, ऑस्ट्रेलियात असतानाच, बाहेर जाऊन परत येऊ देणारा ब्रिजिंग व्हिसा बी (सबक्लास ०२०) हातात हवा. अर्ज प्रवासाच्या ३ महिने ते २ आठवडे आधी, कारणासह करावा. त्यावर परतीची शेवटची तारीख असते, म्हणून तिकीट त्याच्या बरंच आत काढा. सप्टेंबरात मुंबई-गोवा महामार्गाचा भरवसा धरू नये.

जुना व्हिसा संपल्यावर अर्ज केला तर ब्रिजिंग सी मिळतो, त्यावर बी मिळतच नाही. मधला काळ टुरिस्ट व्हिसावर काढायचा मार्गही १ जुलै २०२४ पासून बंद आहे: त्यावरून तिथे बसून स्टुडंट व्हिसाचा अर्ज करता येत नाही. आणि दोन कोर्सच्या मधल्या दिवसांचा आरोग्य विमा खंडित झालेला नाही ना, हे आजच तपासायला सांगा.