‘चॅम्पियनशिप टायटल’ला मराठीत काय म्हणावे: किताब, विजेतेपद की अजिंक्यपद?

प्रश्न

ब्रिटनमधील व्यावसायिक कुस्तीच्या हेवीवेट गटातील सर्वोच्च मानाचा इतिहास मराठीत लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. १९३०च्या दशकापासून हा मान कोणाकडून कोणाकडे गेला, कोणी तो मध्येच सोडला आणि केव्हा एकाच वेळी दोघांनी त्यावर हक्क सांगितला, हे सगळे त्यात येते. इंग्रजीत ‘टायटल’, ‘चॅम्पियनशिप’ आणि ‘बेल्ट’ हे तिन्ही शब्द या संदर्भात जवळजवळ एकाच अर्थाने वापरतात. मराठीत मात्र किताब, विजेतेपद, जेतेपद आणि अजिंक्यपद असे चार शब्द समोर येतात, आणि त्यांतला कोणताही घेतला तरी काही वाक्यांत तो बसतो व काही वाक्यांत अडतो. ‘टायटल व्हेकेट केले’ याचे ‘किताब रिकामा केला’ असे मराठी लिहिताना हात थांबतो. जाणकारांनी आपले मत द्यावे.

उत्तर

आपला हात ‘किताब’ या शब्दापाशीच थांबतो, हे अगदी योग्य आहे. मराठीत किताब मिळतो, पटकावला जातो, बहाल केला जातो. पण एकदा मिळालेला किताब त्या माणसाच्या नावाला कायमचा जोडला जातो. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले आणि त्यांच्यानंतर नवे नवे हिंदकेसरी होत गेले, तरी खंचनाळे यांची ओळख अखेरपर्यंत ‘हिंदकेसरी’ हीच राहिली. १९६१पासून दिल्या जाणाऱ्या महाराष्ट्र केसरी किताबाचेही तसेच आहे. नवा महाराष्ट्र केसरी झाला म्हणून जुन्याचा किताब कोणी काढून घेत नाही, आणि जुन्याला हरवल्याशिवाय नव्याला तो मिळत नाही असेही नाही.

ब्रिटिश हेवीवेट चॅम्पियनशिपचे स्वरूप याच्या नेमके उलट आहे. ती एका वेळी एकाच्याच नावावर असते, ज्याच्या नावावर आहे त्याला हरवूनच ती घ्यावी लागते, आणि ती गेली की तो ‘माजी’ होतो. म्हणजे ती पदवी नसून पद आहे. सरपंचपद जसे धारण करता येते, सोडता येते, रिक्त राहते आणि त्यावर दोघे जण हक्क सांगू शकतात, तशी या चॅम्पियनशिपची सगळी क्रियापदे आहेत. म्हणून ‘पद’ ज्याच्या पोटात आहे असा शब्द घ्यावा, आणि तो ‘अजिंक्यपद’ असावा, असे माझे मत आहे. ‘विजेतेपद’ हा शब्दही चांगला आहे, परंतु मराठी वृत्तपत्रांनी तो एखाद्या स्पर्धेच्या निकालासाठी रूढ केला आहे. स्पर्धा संपली, विजेतेपद मिळाले, पुढच्या वर्षी नवी स्पर्धा. ‘अजिंक्यपद राखले’ आणि ‘अजिंक्यपद गमावले’ हे प्रयोग मात्र मुष्टियुद्ध आणि बुद्धिबळाच्या बातम्यांतून मराठी वाचकाच्या कानावर आधीपासून आहेत, आणि ‘डिफेंड करणे’ या इंग्रजी क्रियापदाला ‘राखणे’ यापेक्षा चांगले मराठी मला सुचत नाही.

या पदाचा इतिहासच शब्दाची निवड करून देतो. १९३०च्या अखेरीस ब्रिटनमध्ये ‘ऑल-इन’ नावाने व्यावसायिक कुस्तीचा नवा प्रकार सुरू झाला आणि तिच्या प्रवर्तकांपैकी एक असलेला ॲथॉल ओकली स्वतःच आरंभीच्या काळात ब्रिटनचा हेवीवेट विजेता म्हणवला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर, ध्रुवप्रदेशाच्या मोहिमेमुळे प्रसिद्ध असलेल्या ॲडमिरल लॉर्ड माउंटएव्हन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४७च्या सुमारास नियम बांधून दिले. फेऱ्या, तीनपैकी दोन डाव, जाहीर ताकीद आणि निश्चित वजनगट ही सगळी चौकट त्या नियमांतून आली. १९५२ मध्ये अनेक आयोजकांनी एकत्र येऊन ‘जॉइंट प्रमोशन्स’ हा संघ स्थापन केला आणि अर्नी बाल्डविनला हेवीवेट विजेता मानले. बर्ट असिराटी हा १९४०च्या दशकातला बलाढ्य विजेता, परंतु तो या व्यवस्थेच्या बाहेर होता, आणि पुढे ‘ब्रिटिश रेसलिंग फेडरेशन’ या प्रतिस्पर्धी संस्थेने स्वतःचा वेगळा ब्रिटिश हेवीवेट विजेता मानायला सुरुवात केली. असिराटीनंतर १९६०च्या सुमारास तेथे शर्ली क्रॅबट्री हा विजेता होता. हाच पुढे ‘बिग डॅडी’ या नावाने घराघरांत पोहोचला.

आता या काळाबद्दल ‘ब्रिटनमध्ये दोन किताब होते’ असे लिहिले तर दोन वेगवेगळे सन्मान होते असा अर्थ निघतो. ‘एकाच अजिंक्यपदावर दोन संस्थांचे दोन दावेदार होते’ हे वाक्य वस्तुस्थिती नेमकी सांगते. ‘दावेदार’ हा शब्द इथे फार उपयोगी आहे. वारसाहक्काच्या आणि गादीच्या भांडणांमुळे त्याची धार मराठी वाचकाला आधीच माहीत आहे.

‘रेन’ (पदावर असण्याचा काळ) या इंग्रजी शब्दासाठी मी ‘कारकीर्द’ सुचवेन. आज कारकीर्द म्हणजे एखाद्याचा सगळा व्यावसायिक प्रवास असा अर्थ पुढे आला आहे, पण ‘थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत’ असे म्हणताना आपण अधिकारावर असण्याचा काळच सांगत असतो. ‘बिली जॉइसच्या दुसऱ्या कारकिर्दीत’ असे लिहिले तर अर्थाचा गोंधळ होणार नाही, कारण संपूर्ण आयुष्याची कारकीर्द दोनदा होऊ शकत नाही. विगनचा हा जॉइस १९५०च्या दशकाअखेरीपासून अनेकदा विजेता होता, म्हणून त्याच्यावर लिहिताना हा शब्द आपल्याला वारंवार लागेल.

आक्षेप

वरील विवेचन मुद्देसूद आहे, तरी एका गोष्टीला त्यात हात घातलेला नाही. या कुस्त्यांचा निकाल आयोजकांनी आधीच ठरवलेला असे. मग ‘अजिंक्य’ या शब्दाला अर्थ काय राहिला? जो कोणाकडून हरायचे हे आधी ठरवून मैदानात उतरतो तो अजिंक्य कसा? उलट, आयोजकाने एखाद्याची लोकप्रियता पाहून त्याला मान द्यायचा ठरवला, म्हणजे तो बहालच केला. या दृष्टीने पाहिले तर ‘किताब’ हाच प्रामाणिक शब्द आहे. शिवाय हा आपल्या तांबड्या मातीतला शब्द आहे. ‘अजिंक्यपद’ हा वृत्तपत्रांच्या टेबलावर घडलेला आहे. पद हवेच असेल तर ‘गादी’ का नको? ‘गादीवर बसला’, ‘गादी सोडली’, ‘गादी रिकामी राहिली’ हे सगळे प्रयोग तयार आहेत.

उत्तर

‘गादी’ची अडचण अशी आहे की कुस्तीच्या मराठीत तिला दुसरा पक्का अर्थ आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि अंतिम कुस्ती या दोन विभागांच्या विजेत्यांत होते. ब्रिटिश विजेत्या बिली रॉबिन्सनबद्दल ‘रॉबिन्सनने गादी सोडली’ असे वाचणारा कोल्हापूरचा माणूस तो मॅटवरून उतरला असेच समजेल.

निकाल ठरलेला असण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो लेखात स्पष्टपणे सांगितलाच पाहिजे. त्यासाठी ‘नुरा कुस्ती’ हा शब्द मराठीत आहे, मात्र तो जपून वापरावा असे मला वाटते. नुरा म्हणताना आपण फसवणुकीचा आरोप करतो: खरी म्हणून जाहीर केलेली कुस्ती दोघांनी संगनमताने ओढून नेली, असा. ब्रिटनच्या सभागृहांत जे चालत होते ते वेगळे होते. तिथे ठरवून केलेले सादरीकरण हाच संपूर्ण व्यवसाय होता आणि त्यात कौशल्याची कसोटी कमी नव्हती. विगनमधील बिली रायली यांच्या तालमीत लँकेशायरची ‘कॅच’ कुस्ती शिकलेले जॉइस आणि बिली रॉबिन्सन हे खरोखर पकडीत अडकवून हार कबूल करायला लावू शकणारे मल्ल होते. १९६७ मध्ये रॉबिन्सनने जॉइसकडून ब्रिटिश अजिंक्यपद घेतले, तेव्हा ते ज्याच्या हाती दिले त्याची ताकद आयोजकांना आणि इतर मल्लांना पक्की ठाऊक होती. निकाल ठरवणाऱ्यांनासुद्धा कोणाला विजेता करायचे हे मनाला येईल तसे ठरवता येत नव्हते, कारण ज्याला धरता येणार नाही अशा मल्लाच्या हाती ते दिले तर दुसरा कोणी रिंगणातच ते हिसकावून घेईल ही भीती खरी होती.

म्हणून ‘अजिंक्य’ हे विशेषण त्या माणसाचे नसून त्या पदाचे आहे, असे समजावे. लेखात आयोजकांच्या बाजूने सांगताना ‘संघाने सेंट क्लेअरला विजेता करण्याचे ठरवले’ असे मोकळेपणाने लिहावे आणि रिंगणातील घटना सांगताना ‘१९७७ मध्ये टोनी सेंट क्लेअरने ग्विन डेव्हिसला हरवून अजिंक्यपद मिळवले’ असे लिहावे. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. १९७८ मध्ये जायंट हेस्टॅक्स या महाकाय मल्लाकडे हे पद गेले आणि पुढच्याच वर्षी सेंट क्लेअरकडे परत आले. दूरचित्रवाणीवर दर शनिवारी दुपारी कुस्ती पाहणाऱ्या प्रेक्षकांसाठी या आकारमानाचे आकर्षण किती होते, हे त्यावरून दिसते. ‘बहाल’ हा शब्द वापरायचाच असेल तर या प्रसंगी तो मला मान्य आहे.

पुरवणी

‘बेल्ट’बद्दल थोडे लिहितो, कारण आपल्याकडील एका मोठ्या मल्लाचा त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९१० साली गामा पैलवान लंडनला गेला, तेथे त्याने अमेरिकन मल्ल बेंजामिन रोलरला हरवले आणि १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्याची अडीच तासांहून अधिक काळ कुस्ती झाली. झिबिस्को बहुतेक वेळ पोटावर पडून राहिल्याने ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरच्या फेरलढतीला झिबिस्को आलाच नाही आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामाला देण्यात आला. ही कुस्ती पुढच्या ब्रिटिश हेवीवेट परंपरेचा भाग नाही, म्हणून तिला त्या विजेत्यांच्या यादीत घालू नये. पण शब्दाच्या दृष्टीने ती उपयोगी आहे. गामाबद्दल लिहिणारे ‘पट्टा जिंकला’ असे लिहितात, तेव्हा ते त्या वस्तूबद्दल बोलत असतात. आपल्याकडे चांदीची गदा खांद्यावर घेतली असे म्हणतो, त्याच जातीचा हा प्रयोग आहे. म्हणून ‘पट्टा’ हा शब्द वस्तूसाठीच राखावा. ‘पट्टा रिक्त राहिला’ असे लिहू नये. पद रिक्त राहते, पट्टा आयोजकाच्या कपाटात राहतो.

वजनगटांच्या नावांचे भाषांतर मात्र मुळीच करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. माउंटएव्हन्स नियमांत लाइट, वेल्टर, मिडल, हेवी-मिडल, लाइट-हेवी, मिड-हेवी आणि हेवी असे सात गट होते. लाइट गटाची मर्यादा ११ स्टोन, म्हणजे १५४ पौंड, आणि त्यापुढचा प्रत्येक गट ११ पौंडांनी वर चढत मिड-हेवीपाशी २०९ पौंडांवर थांबतो. किलोच्या हिशेबात हे टप्पे जवळजवळ ७० पासून ९५ पर्यंत पाच-पाचचे येतात. ‘हेवी-मिडल’ला जड-मध्यम आणि ‘मिड-हेवी’ला मध्यम-जड केले की कोणता गट वरचा हे कोणालाही सांगता येणार नाही, आणि ‘वेल्टर’ला तर मराठीत काहीच जवळचे नाही. डायनामाइट किड या नावाने लढणाऱ्या टॉम बिलिंग्टनने १९७७ मध्ये ब्रिटिश लाइटवेट आणि पुढच्या वर्षी वेल्टरवेट अजिंक्यपद मिळवले, असे सरळ देवनागरीत लिहावे.

पुन्हा प्रश्न

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ‘अजिंक्यपद’, ‘राखणे’, ‘दावेदार’, ‘कारकीर्द’ आणि वस्तूसाठी ‘पट्टा’ हे मी स्वीकारत आहे. एक शंका उरते. रॉबिन्सन १९७०च्या सुमारास परदेशी गेला तेव्हा त्याने पद सोडले. स्कॉटलंडमधील डंडीचा जॉर्ज किड याने जागतिक लाइटवेट अजिंक्यपद दीर्घकाळ राखले आणि १९७६ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हाही पद रिक्त झाले. अलीकडे ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ या अमेरिकन कंपनीने २०१७ मध्ये ब्लॅकपूल येथे ‘युनायटेड किंग्डम चॅम्पियनशिप’ सुरू केली. पहिला विजेता टायलर बेट, त्याच्यानंतर पीट डन ६८५ दिवस आणि मग ऑस्ट्रियाचा वॉल्टर ८७० दिवस. २०२२ मध्ये वॉल्टरनंतरचा विजेता इल्या ड्रॅगुनोव्ह याच्या दुखापतीमुळे ते रिक्त झाले, बेटकडे परत गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रॉन ब्रेकरने ते जिंकून आपल्याकडे आधीपासून असलेल्या वेगळ्या अजिंक्यपदात मिळवले. या शेवटच्या घटनेला काय म्हणावे?

उत्तर

पहिल्या दोन्ही प्रसंगी ‘पद सोडले’ पुरेसे आहे. ‘त्याग केला’ म्हणू नये, त्यात नसलेला मोठेपणा येतो. दुखापतीमुळे कंपनीने सोडायला लावले असेल तर ‘पद सोडावे लागले’ असे लिहावे. शेवटच्या घटनेसाठी ‘विलीन झाले’ हा प्रयोग करावा. संस्थाने विलीन झाली असे आपण म्हणतो, तेव्हा ती नाहीशी झाली आणि कोणात तरी मिसळली हे दोन्ही अर्थ त्यात येतात, आणि इथे तेच घडले आहे. ‘एकत्रीकरण’ लिहिल्यास दोन्ही नावे टिकली असा समज होईल.

ऑस्ट्रियाच्या मल्लाकडे ‘युनायटेड किंग्डम’चे अजिंक्यपद होते हे वाचून वाचक गोंधळेल, म्हणून तिथे ‘ब्रिटनचा विजेता’ असे न लिहिता ‘युनायटेड किंग्डम अजिंक्यपदाचा धारक’ असे लिहावे. जुन्या हेवीवेट परंपरेसाठी मात्र ‘ब्रिटिश हेवीवेट विजेता’ हेच ठेवावे. आणि या संपूर्ण लेखात ‘फ्रीस्टाइल’ हा शब्द शक्यतो टाळावा. दारासिंग आणि किंग काँग यांच्या काळात मुंबईत अशाच व्यावसायिक कुस्त्यांना फ्रीस्टाइल म्हणत असत आणि ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ हा वृत्तपत्री प्रयोग तिथूनच रुळला, परंतु आजच्या वाचकाला त्या शब्दाने प्रथम ऑलिंपिकमधली कुस्ती आठवते. आपल्या लेखासाठी ‘व्यावसायिक कुस्ती’ असेच लिहावे, आणि ती ठरवून केलेली असे हे पहिल्याच परिच्छेदात एकदा स्पष्ट करावे, म्हणजे पुढे प्रत्येक लढतीपाशी ते पुन्हा सांगावे लागणार नाही.