वाटेत गूळ भिजला, नुकसान कुणी सोसायचं? सल्ला पाहिजे

करवीरचा_गूळवाला:
मंडळी, कोल्हापूरच्या शाहूपुरीतून अहमदाबादच्या एका व्यापाऱ्याला गुळाचे 30 किलोचे 300 रवे, म्हणजे ढेपा, पाठवले. व्हॉट्सॲपवर मी लिहिलं, "45 रुपये किलो, भाडं तुमचं." त्याचं उत्तर, "पाठवा. वजन आणि रंग पोचल्यावर बघू." दुसऱ्या दिवशी मी गाडी भरली. वाटेत पावसानं वरचे 60 रवे भिजले, कडा पाघळून बारदानातून काकवीसारखं गळत होतं. आता तो सगळ्याच मालाचे पैसे कापतोय. कागदावर करार नाही. वकील गाठू, की आधी बोलून बघू?

शिरोली_फौंड्री:
कागद नाही म्हणून करार नाही, असं नसतं दादा. मेसेजही चालतात. आणि मालविक्री कायदा 1930, कलम 39 बघा. माल पाठवायचा ठरलेला असेल, तर गाडीवाल्याच्या ताब्यात दिला की सहसा तो घेणाऱ्यालाच दिला असं धरतात. भाडंही त्याचंच आहे. दबू नका.

वकील_ताराबाई_पार्क:
इतकं सरळ नाही. "पोचल्यावर बघू" हा निव्वळ होकार नाही. करार कायदा 1872, कलम 7 प्रमाणे होकार बिनशर्त लागतो. अट घातली की तो नवा प्रस्ताव होतो, आणि तुम्ही काही न बोलता गाडी भरलीत म्हणजे ती अट कृतीनं मान्य केलीत, असं तो म्हणणार. सगळं भांडण त्या एका ओळीवर येईल. गाडी कुणी ठरवली? ताडपत्री किती होत्या?

करवीरचा_गूळवाला:
गाडी मीच ठरवली, ताई. ताडपत्री एकच, तीही जुनी.

वकील_ताराबाई_पार्क:
मग कलम 39 तुमच्यावरही उलटतं. मालाला शोभेल अशी वाहतूक ठरवणं विकणाऱ्याचं काम. पावसाळ्यात गुळावर एक जुनी ताडपत्री पुरेशी म्हणता येणार नाही. म्हणून 60 रव्यांवर तडजोड करा. बाकीचे 240 त्यानं विकायला काढले असतील, तर तो माल त्यानं स्वीकारलाच, त्याचे पूर्ण दरानं पैसे मागा. वाहतूकदाराला लेखी नोटीस आजच द्या, बुकिंगपासून 180 दिवसांत ती गेली नाही तर त्याच्यावर दावाच लावता येत नाही. बिल्टी, म्हणजे वाहतूकदारानं दिलेली मालाची पावती, आणि फोटो जपा. वकील गाठायचाच तर व्यापारी दावे चालवणारा बघा.

शिरोली_फौंड्री:
ताईंचं पटलं, ताडपत्रीचं माझ्या ध्यानातच नव्हतं. आम्ही कास्टिंग पाठवताना आधी लिहितो, "माल कोल्हापूर गोडाऊनवर पोच, वजन इथल्या काट्यावर, गाडी भरल्यापासून जोखीम घेणाऱ्याची." त्यावर समोरून "मान्य" आल्याशिवाय गाडी हलत नाही.

करवीरचा_गूळवाला:
240 पैकी निम्मे त्यानं विकलेत, आत्ताच कळलं. नोटीस लिहायला बसतोय.