अनुभव सांगा: नवं मशीन, नवं सॉफ्टवेअर तुमच्याकडं कोण ठरवतं?

शहापूर, बेळगाव
आमचं साड्यांचं होलसेल. जुलै २०१७ला जीएसटी लागला, तेव्हा बिलिंग सॉफ्टवेअर मी आणि अकाउंटंटनी बसून ठरवलं. बिलं करणाऱ्या काकांना विचारलंच नाही. कोल्हापूरला, म्हणजे महाराष्ट्रात, माल गेला की आयजीएसटी हा परराज्यातल्या विक्रीचा कर, खानापूरला, म्हणजे कर्नाटकातच, गेला की सीजीएसटी-एसजीएसटी, केंद्राचा आणि राज्याचा. आमच्याकडं एकाच दुपारी दोन्हीकडचे गठ्ठे बांधतात आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये दर बिलाला राज्य हातानं बदलावं लागायचं. चुका झाल्या, बोलणी काकांनी खाल्ली. चूक माझी होती. तुमचं सविस्तर लिहा.

उद्यमबाग, बेळगाव
जॉबवर्कचं मशीन शॉप. मी शिकून आलो आणि बाबांच्या मागं लागलो, व्हीएमसीच घ्यायची, म्हणजे फिरत्या हत्यारानं सपाट-चौकोनी काम कोरणारं कॉम्प्युटरवरचं मशीन. बँकेशी बोलणंही झालेलं. लेथवरचे मामा २० वर्षं आमच्याकडं आहेत, ते काही बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी महिन्याभरातले जॉब टेबलावर मांडले. बुश, फ्लँज, पुली, एकेक तेल पुसून. म्हणाले, "बाळ, यात गोल नाही असं काय आहे, दाखव बघू." दोनच निघाले. गोल कामाला टर्निंग लागतं, म्हणजे जॉब फिरवत कापणं, आणि ते लेथवर होतं. व्हीएमसी रिकामी उभी राहिली असती आणि हप्ता चालू. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, लेथ घेतली. पैसे बाबांचे, सही बाबांची, नारळ मात्र मामांच्या हातून फोडला.

निपाणी
आमचा तंबाखूचा व्यापार, सगळं थोरल्या दादांच्या हातात, ई-वे बिलाचं, म्हणजे माल गाडीनं न्यायला लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचं, लॉगिनसुद्धा. ५०,००० रुपयांच्या वर माल असला की त्याशिवाय गाडी हलवता येत नाही. दादा गोव्याला लग्नात, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, मोबाइल बंद. भरलेली गाडी रात्रभर वखारीच्या दारात, आणि जायचं होतं ते कागल तर इथून हाकेवर! दुसऱ्याच आठवड्यात दिवाणजींच्या नावानं सब-युजर, म्हणजे त्यांचं वेगळं लॉगिन, काढला.

खानापूर
दिवाणजींना जरूर द्या, पण किल्ली आपल्याकडं ठेवा. काजूच्या युनिटचं सगळं आम्ही एका हुशार पोरावर सोडलं होतं. त्यानं सॉफ्टवेअर स्वतःच्या नंबरावर घेतलं. पोरगा वाईट नव्हता. पुण्याला नोकरी लागली, गेला, नंबर बंद पडला. दोन हंगामांच्या स्टॉकचा हिशेब आत अडकला. कागदपत्रं पाठवून १७ दिवसांनी उघडलं.
कटिंग मशीन घेताना मात्र बिया फोडणाऱ्या बायकांना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, आधी आकारानं बिया निवडायची चाळण आणा, नाहीतर अख्खा गर राहायचा नाही, पाकळ्याच होतील. चाळण आधी आली.