विचारपूस हवीच, पण रजेचं काय?

मदतकार्य करणाऱ्या संस्थांबद्दल बोलताना ‘प्रमुख मायेने विचारपूस करत राहिला की टीम थकत नाही’ असं कुणी म्हटलं, तर ते मला अर्धंच पटतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या केली, तीच मुळी कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणाबद्दल आहे. म्हणजे नुसती विचारपूस पुरत नाही, रजाही हवी. संयुक्त राष्ट्रांत खडतर ठिकाणी नेमलेल्यांना ठरावीक आठवड्यांनी सलग 5 दिवसांची विश्रांती रजा मिळते. स्थानिक भरतीच्या लोकांना मात्र ती सहसा मिळत नाही, आणि मला हेच सर्वांत खुपतं. पुरानंतर छावणीत दिवसभर इतरांच्या नुकसानीच्या नोंदी करणारीचं स्वतःचं घरही त्याच पाण्यात गेलेलं असतं. तिला रात्री अकराला मेसेज येतो, ‘बरी आहेस ना? यादी सकाळपर्यंत दे.’

अशा वेळी देणगीदाराला ‘अहवाल उशिरा येईल’ असं ठणकावून सांगणारा प्रमुख हवा. त्याने स्वतःही रजा घ्यावी, नाहीतर बाकीचे मागायला धजत नाहीत. आणि रजेवर गेलेल्याच्या जागी काम करणाऱ्या बदली माणसाचा पगार प्रकल्पाच्या बजेटमध्ये पहिल्यापासून धरावा. नंतर त्यासाठी पैसे मिळणं फार कठीण जातं.