मुलग्याचा टॉवर, मुलीचं अंगण: खेळातून लिंगभाव कळतो का?

सागरगोटा (धागाकर्ती)

माझा भाचा भातुकली मांडून बसला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो खेळू दे की, दुसरा गुपचूप गाडी आणून त्याच्यापुढे ठेवतो. दुसऱ्या पक्षाच्या काकांनी परवा ‘मुलग्यांचा खेळ मुळातच वेगळा’ म्हणत थेट एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाचा (मनात दडलेल्या इच्छा शोधणाऱ्या तज्ज्ञाचा) दाखला दिला, म्हणून हा धागा.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एरिक्सनने 10 ते 12 वर्षांचे साधारण 150 मुलगे आणि 150 मुली यांना ठोकळे, बाहुल्या, प्राणी, गाड्या देऊन टेबलावर ‘काल्पनिक सिनेमातला थरारक प्रसंग’ मांडायला सांगितलं. मुलग्यांनी उंच इमारती, रस्ते, पडझड मांडली. मुलींनी घराचं आतलं दृश्य: बुटक्या भिंती, सजवलेलं दार, आत निवांत माणसं. एरिक्सनला यात शरीराच्या रचनेचं प्रतिबिंब दिसलं, आणि 1964 मध्ये त्याने बाईच्या ‘आतल्या अवकाशा’वर, म्हणजे गर्भाशयावर, आख्खा लेख लिहिला. 1970 मध्ये स्त्रीवादी लेखिका केट मिलेटने त्याला सोलून काढलं, ते बरंच केलं.

अहो, सिनेमा मांड म्हटल्यावर बारा वर्षांचं पोर पाहिलेला सिनेमाच मांडणार ना? खेळण्यांत गणवेशातले पोलीस, वैमानिक. तेव्हाच्या अमेरिकेत ही कामं बहुतेक पुरुषांचीच. मग मुलीने बसायचं कुठे? सोफ्यावरच!

उत्तररात्र

सिनेमाचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण एरिक्सनने फक्त शरीराला कौल दिला हे खरं नाही. त्याच 1964 च्या लेखात शरीर, इतिहास आणि व्यक्तिमत्त्व मिळून नशीब घडतं असं तो म्हणतो. काकांनी सोयीचं तेवढंच उचललं आणि तुम्ही काकांच्या चष्म्यातून एरिक्सन वाचताय.

आणि मनोविश्लेषण म्हणजे एकटा एरिक्सन नव्हे. मनोविश्लेषणाचा जनक, व्हिएन्नाचा फ्रॉइड, त्याने 1909 मध्ये छापलेली छोट्या हान्सची केस घ्या. घोड्यांना घाबरणारा पाच वर्षांचा मुलगा, मनातल्या मनात पोरं सांभाळतो. बाप म्हणतो, मुलग्यांना पोरं होत नाहीत. हान्सचं उत्तर असं की आधी मी त्यांची आई होतो, आता बाबा आहे. मग आई कोण? तर त्याची स्वतःची आई. आणि बाप? त्याला त्याने आजोबा करून टाकलं! बापाने हे सगळं शब्दन् शब्द टिपलं. खेळण्यावर बंदी घालणारा माणूस असलं काही ऐकूच शकला नसता.

चिंचबुटूक

ऐकलं खरं, पण ऐकून निष्कर्ष काय काढला? की पोराचा इडिपस गुंता (आईची ओढ, बापाशी चढाओढ) सुटत आला. मूल आई झालं, बाबा झालं, यातली गंमत तिथल्या तिथे राहू देत नाहीत हे लोक. प्रत्येक बाहुलीच्या पोटात गुपित. मुलांची मनोविश्लेषक मेलनी क्लाइनने तर डिक नावाच्या चार वर्षांच्या मुलापुढे दोन आगगाड्या ठेवल्या आणि मोठी बाबागाडी, छोटी डिकगाडी असं स्वतःच सांगून टाकलं. खेळ कुणाचा होता मग?

सागरगोटा

@उत्तररात्र, चला, एरिक्सनला निम्मं सोडलं. अमेरिकन मनोविश्लेषक रॉबर्ट स्टोलरचं काय? 1968 मध्ये ‘लिंगभाव’ (स्वतःला पुरुष किंवा स्त्री समजणं) शरीरापासून वेगळा काढून दाखवला म्हणून त्याचं कौतुक होतं. पण मुलगा बाहुल्या खेळतो, मुलींसारखा वागतो, तर कारण काय? आई नको तितकी जवळ आणि बाप लांब. आली का आईच बोकांडी!

उत्तररात्र

स्टोलरबद्दल भांडत नाही. तिथे तुम्ही बरोबर.

पण 1970 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या प्रयोगात अशा मुलग्यांना ‘मर्दानी’ वागण्याबद्दल बक्षिसाचे टोकन देत होते, ते वर्तनवादी होते, म्हणजे बक्षीस-शिक्षेने वागणं घडवता येतं असं मानणारे. मनोविश्लेषकाने खेळात अर्थ शोधला, वर्तनवाद्याने खेळच बदलायला घेतला. मला पहिला परवडतो. चुकला तर निदान वाद घालता येतो, जसा आपण घालतोय.

शिवाय बाईला कायम (पुरुषाचं इंद्रिय नसल्याची) उणीवच असते असं सगळे मनोविश्लेषक कुठे म्हणाले? त्यांच्यातल्याच कॅरन हॉर्नायने 1926 मध्येच उलट बाजू मांडली, की पुरुषालाही गर्भाचा, मातृत्वाचा हेवा वाटतो. हान्स तिच्या हाती लागायला हवा होता.

मावळतीकर

व्हिएन्ना, बर्कली सगळं झालं, कलकत्ता राहिलं. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये तिथे भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. 1929 मध्ये त्यांनी फ्रॉइडला कळवलं की युरोपीय पुरुषांपेक्षा भारतीय पुरुष रुग्णांत स्त्री होण्याची इच्छा सहज सापडते. फ्रॉइडने आपलं मत काही बदललं नाही. बोस यांच्या संस्थेने पुढे पाठवलेली हस्तिदंती विष्णुमूर्ती मात्र टेबलावर ठेवली.

@सागरगोटा, काकांना पुढच्या वेळी बोस ऐकवा.

सागरगोटा

ऐकवते. पण मला बोसही नकोय हो त्याच्या खेळात. तो चार वर्षांचा आहे आणि काल त्याने त्या गाडीला कुकरमध्ये शिजवलं.

चिंचबुटूक

हे क्लाइनला कळवू नका.