बाजूचं गेट

(सोसायटी ग्रुप: फक्त महत्त्वाचे मेसेज)

[संध्याकाळी ७:१०]

सायली सी-३०४: नमस्कार. आम्ही चौघी शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणून बायकांसाठी सेफ्टी ॲप करतोय. लाल बटण दाबलं की पाच जणांना लोकेशन जाईल आणि सायरन वाजेल. नुसता फोन जोरात हलवला तरी चालेल. आणखी काय हवं ते सांगा ना, फॉर्मबिर्म नाही, इथेच लिहा.

देशपांडे काका ए-१०१: स्तुत्य उपक्रम.

मनीष बी-६०२: हलवला की अलार्म? माझी बायको स्कूटरवरून कर्वे रोडला जाऊन आली तर प्रत्येक खड्ड्याला पाच जणांना मेसेज.

वृषाली बी-६०२: बायको याच ग्रुपवर आहे. पण मुद्दा बरोबर आहे.

मनीष बी-६०२: मी ॲप करूनच पोट भरतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. बॅटरी वाचवायला फोन मागची ॲप स्वतःच बंद करून टाकतो, म्हणजे ऐन वेळी तुझं ॲप झोपलेलं. आणि जिथे नेट नाही तिथून साधा एसएमएस गेला पाहिजे. तो फोनमधून पाठवायचा तर प्ले स्टोअरला परवानगीचं कारण पटवावं लागतं. सर्व्हरवरून पाठवायचा तर डीएलटी नोंदणी कर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांकडे नाव नोंदव, मजकूर आधी मंजूर करून घे. हे आधी बघ, बटणाचा रंग नंतर.

कुलकर्णी काकू सी-२०२: पण ११२ आहे ना?

सायली सी-३०४: आहे काकू, त्याचं ॲपही आहे. शिवाय २०१७ पासून विकायच्या प्रत्येक फोनला पॅनिक बटण हवंच असा केंद्राचा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनला पॉवर बटण तीनदा. काही फोनमध्ये पाचदा.

देशपांडे काका ए-१०१: दोनदा दाबलं. कॅमेरा उघडला.

देशपांडे काका ए-१०१: पाचदा दाबलं. आता आवाज करतंय आणि उलटे आकडे मोजतंय.

मनीष बी-६०२: काका कॅन्सल करा, खरंच फोन लागेल!!

देशपांडे काका ए-१०१: लागला. बाई फार सौजन्याने बोलल्या. मी माफी मागितली.

वृषाली बी-६०२: सायली, टेस्टिंग झालं बघ तुझं. आमच्या सुनंदा मावशींकडे साधाच फोन आहे, त्यांना उद्या ९ चं दाखवते. दाबत नाही, काका.

[रात्री ८:४५]

माधुरी ए-४०३: चहाच्या सुट्टीत लिहितेय. माझी सेकंड शिफ्ट असते, सव्वादहाला बसमधून उतरते. बाजूच्या गेटने घर चार मिनिटं, पण ते साडेनऊला बंद. म्हणून भिंतीलगत वळसा घालून मेन गेट. रसवंतीवाला दिसतो तोवर काही वाटत नाही, तो ग्लास विसळत असतो, बाकडी आत घेत असतो. पुढे इस्त्रीच्या टपरीपासून डीपीपर्यंत नुसता अंधार. तिथे मी पर्समधून किल्ली काढते आणि दोन बोटांच्या मधे धरते. फोन कानाला. 'हो हो, आलेच, गेटपाशीच आहे.' पलीकडे कोणी नसतं, मी रोज एकटीच बोलते. एकोणीस वर्षांत बटण दाबायची वेळ आली नाही, देवाची कृपा. पण ती शंभर पावलं रोज आहेतच की. बटण दाबायचं म्हणजे व्हायचं ते सुरू झालेलं असणार. मला त्याच्या आधीचं काहीतरी हवंय. आणि यजमानांना लोकेशन पाठव म्हणू नका, ते नऊला झोपतात.

सायली सी-३०४: मग काय हवं काकू?

माधुरी ए-४०३: कोणीतरी जागं आहे एवढं कळलं तरी पुरे. आणि घरी पोचले की ते आपोआप बंद व्हावं.

आर्या सी-२०२: आपोआप बंदला माझी दोन मतं! मी क्लासहून वीस मिनिटांत घरी येते आणि आईने लाइव्ह लोकेशन आठ तासांचं लावून घेतलंय. हे ॲप आलं की 'चालू ठेवणार असशील तरच जा' सुरू होईल.

कुलकर्णी काकू सी-२०२: हे आपण घरी बोलू.

आर्या सी-२०२: घरी बोललं की तू ग्रुपवर टाकतेस.

सायली सी-३०४: आर्याचं लिहून घेतलं. वेळ बाई ठरवणार, घरचे नाहीत. माधुरी काकू, २०१३ पासून सेफ्टीपिन नावाचं एक ॲप आहे. त्यात रस्त्यालाच मार्क देतात. उजेड किती, आजूबाजूच्या खिडक्यांतून तुम्ही दिसता का, माणसं किती, त्यात बायका किती, फुटपाथ, बस. शेवटी तुम्हाला तिथे कसं वाटलं. तुम्ही आत्ता तेच लिहिलंत.

मनीष बी-६०२: फक्त सांभाळून. नकाशावर लाल रंग दिला की लोक आधी मागच्या वस्तीला देतील.

वृषाली बी-६०२: आणि वस्तीत रात्री बारापर्यंत बायका ओट्यावर बसलेल्या असतात. अंधार आहे तो आपल्या भिंतीला. दहा फूट उंच, एक खिडकी नाही, एक दिवा नाही. ती आपणच बांधलीये.

सेक्रेटरी: दिव्याचं बघतो. गेट साडेनऊला बंद हा २०१९ च्या सर्वसाधारण सभेचा ठराव आहे. सुरक्षेच्या दृष्टीने.

वृषाली बी-६०२: कोणाच्या?

सेक्रेटरी: ...

सेक्रेटरी: बरं. पुढच्या सभेपर्यंत प्रायोगिक तत्त्वावर अकरापर्यंत उघडं ठेवू. वॉचमनला सांगतो. भिंतीवर दोन एलईडी, दुरुस्ती निधीतून.

[रात्री १०:१९]

माधुरी ए-४०३: बाजूच्या गेटशी उभी आहे. कुलूप आहे.

सेक्रेटरी: वॉचमन फोन उचलत नाहीये.

देशपांडे काका ए-१०१: एक किल्ली माझ्याकडे आहे. येतो. चप्पल सापडत नाहीये.

सायली सी-३०४: काकू, तोवर फोन करू का? नुसती बोलत राहते.

माधुरी ए-४०३: कर.